नजरेचे बोट

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानातील एखाद्या नव्या विषयावर बोलावे असे चिटणीसांनी मला कळविले, तेव्हा मी चंद्रयानावर बोलेन, किंवा घरोघरी जिची चर्चा चालली आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय त्या मानाने लहान आहे. हात न हलविता, केवळ नजरेने यंत्र कसे चालविता येते, हा तो विषय. तो निवडण्यास एक कारण घडले आहे. ते सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. शाळेचे नाव घेत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता, माझा होता. जून महिना, प्रवेशाची गर्दी. शिवणकाम करणारे एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आले. मागे तिची आई. मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. मान डुलत होती, हात आखडून छातीशी आवळलेले होते, तोंडातून शब्द निघत नव्हता. मुख्याध्यापक मला म्हणाले, "हिला काही समजते का, जरा बघा." मी टेबलावर चार चित्रे मांडली: आंबा, गाय, छत्री आणि घड्याळ. म्हणालो, "छत्री दाखव." हात उठला नाही. "गाय कुठे आहे?" हात उठला नाही. मी तिच्या हाताकडे पाहात होतो. आई म्हणाली, "सर, ती बघते आहे ना!" मला वाटले, आईची माया बोलते आहे. मी कागदावर 'आकलन नाही' असा शेरा मारला आणि ते कुटुंब आल्या पावली परत गेले.

आई अक्षरशः खरे सांगत होती. मुलगी छत्रीकडे बघत होती, मग गायीकडे बघत होती. उत्तर माझ्या समोर होते. मी ते हातात शोधत होतो आणि ते तिच्या डोळ्यांत होते. हे मला उमगावयास वीस वर्षे लागली. ते कसे उमगले ते मी शेवटी सांगेन. आधी मूळ विषयाकडे वळू.

डोळा पाहतो म्हणजे नेमके काय करतो? प्राचीन काळातील ग्रीक विद्वान युक्लिड आणि पुढे टॉलेमी ह्यांचे मत असे होते की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन स्पर्श करतात आणि म्हणून आपल्याला वस्तू दिसते. म्हणजे नजर हे एक लांबलचक अदृश्य बोटच म्हणा ना! ह्या मताला मुळापासून धक्का दिला तो बसरा येथे इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैसम ह्या शास्त्रज्ञाने. 'किताब अल्-मनाझिर' ह्या आपल्या सात भागांच्या ग्रंथात त्याने विचारले की प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यावर डोळ्यांना वेदना का होतात? तेजस्वी वस्तूकडे पाहून डोळे मिटल्यावरही तिची छाया डोळ्यांपुढे का राहते? ह्याचा अर्थ डोळ्यांवर बाहेरून काही तरी येऊन आदळते. प्रकाश वस्तूकडून डोळ्यांकडे येतो. डोळा काही पाठवीत नाही, तो घेतो. ह्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात शेकडो वर्षे अभ्यासले गेले. २०१५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून जगभर पाळले गेले, तेव्हा ह्या ग्रंथाच्या हजार वर्षांचेही स्मरण करण्यात आले.

तेव्हा नजर हे बोट नव्हे, हे हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. परंतु गंमत अशी की आजच्या अभियंत्यांनी इब्न अल्-हैसमच्याच प्रकाशशास्त्राचा आधार घेऊन नजरेचे बोट बनविले आहे. आपल्याकडे 'नजर लागली' असे म्हणतात. आता ती खरोखरच यंत्राला लागते आणि दिवा पेटतो. हे कसे होते ते पाहू.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी बारीक असा एक मध्यबिंदू आहे. सर्वांत स्पष्ट दिसते ते तेथेच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. जवळजवळ तेवढाच भाग आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतो, बाकीचे सारे अंधुक. म्हणून एखादी गोष्ट नीट पाहावयाची तर बुबुळ तिच्याकडे वळवावेच लागते. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी मारतो. हे थांबणे साधारण पाव सेकंदाचे, म्हणजे सेकंदाला तीन-चार उड्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या उड्यांचा अभ्यास केला. पुढे काचबिंदूने खुद्द जावाल ह्यांचीच दृष्टी गेली, आणि अंध माणसाने कसे जगावे ह्यावर त्यांनी पुस्तक लिहिले.

डोळा वळला की मन तिकडे वळले, असे आपण बहुतेक वेळा धरून चालू शकतो. आता यंत्राला हे वळणे दिसावे कसे? त्यासाठी डोळ्यांवर अवरक्त प्रकाश सोडतात. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून त्रासही होत नाही. बाहुलीसमोरच्या पारदर्शक पडद्यावर त्याचा एक लखलखीत ठिपका उमटतो. बारीक कॅमेरा दोन गोष्टी टिपतो: हा ठिपका आणि काळ्या बाहुलीचे केंद्र. डोळा फिरला की ठिपका जवळपास जागेवर राहतो आणि बाहुली सरकते. ह्या दोहोंमधील अंतर आणि दिशा मोजून नजर कोठे आहे ह्याचे गणित मांडता येते. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण निराळी, म्हणून आरंभी पडद्यावरील काही ठिपक्यांकडे एकामागून एक बघावयास सांगतात आणि यंत्र त्या माणसाचा डोळा शिकून घेते. एवढे करूनही अर्ध्या ते एक अंशाची चूक राहतेच. साठ सेंटिमीटरवरील पडद्यावर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. म्हणून नजरेने चालवावयाची अक्षरे आणि चित्रे मोठी ठेवावी लागतात.

ह्याहून मोठी अडचण पुढे आली. डोळा हे पाहण्याचे इंद्रिय. त्यालाच करण्याचे कामही दिले तर काय होईल? ग्रीक कथेतल्या मिडास राजाला वर मिळाला की तो ज्याला स्पर्श करील त्याचे सोने होईल. राजा आनंदला, पण घास उचलला तर त्याचेही सोने झाले. ज्या बटणाकडे पाहावे ते बटण दाबले गेले, तर माणसाने पाहावे तरी कोठे? अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील रॉबर्ट जेकब ह्यांनी १९९० मध्ये ह्या अडचणीला 'मिडासचा स्पर्श' असे नाव दिले. त्यावरचा सर्वांत साधा तोडगा म्हणजे थांबणे. नजर एका जागी अर्धा ते एक सेकंद टेकली तरच ती आज्ञा समजावयाची. वेळ फार कमी ठेवला तर नको ती बटणे दाबली जातात, फार जास्त ठेवला तर डोळे शिणतात. ज्याचा त्याचा वेळ ज्याने त्याने ठरवावा लागतो. दुसरे उपाय म्हणजे डोळा मिचकावणे, तोंडाने आवाज करणे, किंवा शरीराचा जो भाग थोडासा हलतो त्याच्याजवळ एखादे बटण ठेवणे.

ह्यांतून कित्येकांना वाचा मिळाली. मज्जापेशी झिजविणाऱ्या एएलएस ह्या आजारात हातपाय आणि जीभ ह्यांची शक्ती जाते, पण डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. अमेरिकन फुटबॉलचे नामवंत खेळाडू स्टीव्ह ग्लीसन ह्यांना २०११ मध्ये हा आजार असल्याचे निदान झाले. आपली चाकांची खुर्ची नजरेने चालविता यावी अशी इच्छा त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांपुढे मांडली. २०१४ मध्ये तशी खुर्ची तयार झाली, आणि २०१७ पासून विंडोज १० मध्ये नजरेने संगणक चालविण्याची सोय आली. पण हे सर्वांनाच जमते असे नाही. स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी लिहीत, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते गालाचा एक स्नायू हलवीत आणि चष्म्यावर बसविलेले उपकरण ती हालचाल टिपत असे. डोळ्यांचा मार्गही त्यांच्यासाठी अजमावून पाहिला होता, पण पापण्या खाली झुकत असल्याने तो जमला नाही. तेव्हा माणूस आधी आणि यंत्र मागाहून, हे पहिले सूत्र लक्षात ठेवावे.

आता ज्या नव्या यंत्रांमुळे हा विषय पुन्हा पुढे आला त्यांच्याकडे येतो. मुलांनी ती चित्रांत पाहिली असतील. डोक्याला बांधावयाचा जाडजूड चष्मा, ज्याच्या आत डोळ्यांसमोर पडदे असतात. काहींत संपूर्ण आभासी जग दिसते; काहींत आपलीच खोली दिसते आणि तिच्यात चित्रे, अक्षरे, खिडक्या तरंगताना दिसतात. ह्या सगळ्याला मिळून एक्सटेंडेड रिअॅलिटी, म्हणजे विस्तारित वास्तव म्हणतात. ह्या चष्म्यांत नजर टिपणारे कॅमेरे आतच बसविता येतात. ॲपल कंपनीचे व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आले. त्याचा सारा कारभारच नजरेवर चालतो: वस्तूकडे बघावयाचे आणि दोन बोटे एकमेकांना टेकवावयाची.

हालचाल मर्यादित असलेल्या माणसाला ह्याचा काय उपयोग? एक उपयोग फार महत्त्वाचा आहे. टेबलावरील यंत्रासमोर डोके स्थिर ठेवावे लागते. सेरेब्रल पाल्सीत मान डुलते, बिछान्यावर पडलेला माणूस कुशीवर वळतो आणि यंत्राला डोळे सापडेनासे होतात. चष्म्यातील कॅमेरा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि डोक्याबरोबरच फिरतो. मान हलली तरी डोळा त्याच्या टप्प्यात राहतो. शिवाय पडदा उशाशी टांगण्याची गरज उरत नाही. आढ्याकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या समोर आढ्यावरच पुस्तक उघडते.

पण 'दोन बोटे टेकवावयाची' ह्या शब्दांवर आपण थोडे थांबले पाहिजे. ज्याची बोटे हलत नाहीत त्याने काय करावयाचे? निरोगी माणसाच्या सोयीसाठी बनविलेल्या वस्तूत नजरेला अर्धे काम दिले आणि उरलेले अर्धे हाताकडे ठेवले. सुदैवाने ह्या यंत्रात दुसऱ्या सोयीही आहेत. नजर टेकवून निवड करता येते, आवाजाने आज्ञा देता येते, बाहेरचे बटण जोडता येते, आणि एकच डोळा नीट वळत असेल तर त्या एकाच डोळ्यावर काम चालविता येते. ह्या सोयी सेटिंगमध्ये शोधून चालू कराव्या लागतात. म्हणजे दार आहे, पण ते मागच्या बाजूला आहे आणि कोणी तरी ते उघडून द्यावे लागते. त्यात ह्या चष्म्याचे वजन तेव्हा सहाशे ग्रॅमच्या आसपास होते. ज्याला स्वतःची मान तोलत नाही त्याला हे ओझे थोडे नव्हे. डोळे सतत थरथरत असतील, तिरळे असतील, तर यंत्राचे गणित चुकते. किंमत होती ३,४९९ डॉलर. त्या वेळच्या भावाने जवळपास तीन लाख रुपये.

आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स २ हे नजर टिपणारे यंत्र २०१९ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. मेटा कंपनीचे क्वेस्ट प्रो २०२२ मध्ये आले आणि दोन-तीन वर्षांतच बाजारातून गेले. खेळण्यासाठी घेतलेली वस्तू बंद पडली तर हळहळ वाटते. एखाद्याची वाचाच तिच्यावर टांगलेली असेल तर तो पुन्हा मुका होतो. म्हणून कोणत्याही मुलाचे बोलणे एकाच यंत्रावर अवलंबून ठेवू नये, हे दुसरे सूत्र.

आता ह्या विद्येची दोन-तीन फळे सांगतो, कारण नुसत्या अडचणी सांगून मला आपल्याला निराश करावयाचे नाही.

जपानमधील फोव्ह ह्या कंपनीने नजर टिपणारा चष्मा बनविला, तेव्हा त्सुकुबा विद्यापीठाच्या शारीरिक अपंग विद्यार्थ्यांच्या विशेष शाळेबरोबर पियानोचा एक प्रकल्प केला. चष्म्यात स्वरांचे चौकोन दिसतात. विद्यार्थी नजरेने स्वर निवडतो आणि खराखुरा पियानो वाजू लागतो. २०१५ च्या सुमारास हा प्रकल्प जगापुढे आला.

त्याच देशात टोकियोच्या निहोनबाशी भागात २०२१ मध्ये एक उपाहारगृह कायमचे सुरू झाले. तेथे पाहुण्यांना कॉफी आणून देतात ते यंत्रमानव. सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे. पण ते स्वतःच्या बुद्धीने चालत नाहीत; त्यांना चालविणारी माणसे आपापल्या घरी असतात. त्यांतली कित्येक अंथरुणाला खिळलेली आहेत, काही जण केवळ नजरेने काम करतात. ती पाहुण्यांशी बोलतात, चौकशी करतात आणि महिन्याला पगार घरी आणतात. पगार ह्या शब्दावर मला भर द्यावयाचा आहे. दया पुष्कळांना मिळते. कामाचे दाम फार थोड्यांना मिळते.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदिप्त बिस्वास आणि त्यांचे सहकारी ह्यांनी चेन्नईच्या 'विद्यासागर' ह्या संस्थेतील, तीव्र शारीरिक आणि वाचिक मर्यादा असलेल्या तरुण मंडळींसाठी नजरेने चालणारा यंत्राचा हात तयार केला. संगणकाच्या पडद्यावर समोरच्या टेबलाचे जिवंत चित्र दिसते, त्यावर खुणा उमटतात, आणि जेथे नजर टेकेल तेथे यंत्राचा हात जातो. काम दिले होते कापडावर छपाई करण्याचे. २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पडद्याचे नऊ भाग करून त्यांतला एक निवडावयास सांगितले, तेव्हा निरोगी माणसांना साधारण दोन सेकंदांहून कमी वेळ लागला आणि ह्या तरुणांना चार सेकंद. वस्तू उचलून ठेवण्याचे काम त्यांनी सरासरी पंधरा सेकंदांच्या आत केले. ठरवून दिलेल्या जागी यंत्राचा हात नेण्यास खास नजर टिपणारे यंत्र वापरून एक मिनिटाच्या आत, तर संगणकाचा साधा कॅमेरा वापरून सरासरी दोन मिनिटे लागली. दोन मिनिटे! कोणी म्हणेल, एवढ्या वेळात आम्ही वीस वेळा हात लावला असता. खरे आहे. पण ज्याने जन्मात स्वतःच्या हाताने एकही वस्तू हलविली नाही, त्याने दोन मिनिटांत कापडावर ठसा उमटविला तर तो ठसा त्याचा आहे. घड्याळ लावून त्याची किंमत करावयाची नाही.

ह्याच कामाविषयी वाचताना माझी जुनी चूक मला दिसली. लेखाच्या आरंभीच म्हटले होते की अशा मुलांचे पालक आणि शिक्षक त्यांच्यासमोर चित्रांचा किंवा अक्षरांचा फलक धरतात, मूल कोठे पाहते आहे ते निरखतात आणि त्यावरून त्याचे म्हणणे ओळखतात. ह्या पद्धतीला डोळ्यांनी दाखविणे म्हणतात. टाळेबंदीचे दिवस होते. मी कागद खाली ठेवला. वीस वर्षांपूर्वीचे टेबल, चार चित्रे आणि ती आई मला जशीच्या तशी आठवली. "सर, ती बघते आहे ना!"

मित्रहो, लाखो रुपयांची यंत्रे जे काम करतात त्याचा गाभा एवढाच आहे: माणूस कोठे पाहतो आहे हे दुसऱ्या कोणी तरी थांबून पाहणे. त्यासाठी पुठ्ठाही चालतो. १९९५ मध्ये मेंदूच्या आघाताने संपूर्ण लुळे झालेले फ्रेंच संपादक झां-डोमिनिक बोबी ह्यांना केवळ डाव्या डोळ्याची पापणी हलविता येत होती. समोर बसलेल्या व्यक्तीने एकेक अक्षर म्हणावयाचे आणि हव्या त्या अक्षराला त्यांनी पापणी मिटावयाची. अशा रीतीने त्यांनी एक अख्खे पुस्तक सांगितले आणि ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे यंत्र नव्हते. ऐकणाऱ्याची चिकाटी होती.

आपल्या शाळांना हे आजही करता येईल. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव घ्या, मध्ये चौकोनी खिडकी कापा, कडेने अक्षरांचे गट लिहा. शिक्षकाने मुलासमोर बसून खिडकीतून त्याच्या डोळ्यांकडे पाहावयाचे. आपली मराठी वर्णमाला तर जणू ह्यासाठीच रचलेली आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच अक्षरे. पहिल्या नजरेत वर्ग निवडावयाचा, दुसऱ्या नजरेत त्यातले अक्षर. दोन नजरांत पंचवीस अक्षरे हाती आली. य, र, ल, व आदि अक्षरांचा एक गट आणि स्वरांचा एक. उर्दू शाळांतही अडचण नाही. बे, पे, ते एका आकाराची. जीम, चे, हे, खे दुसऱ्या आकाराची. अक्षरांची कुटुंबे तयारच आहेत. हे काम आपल्या भाषा-शिक्षकांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत फलक तयार होतील. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्यासाठीही वाट आहे: गूगलने २०२० मध्ये 'लूक टू स्पीक' नावाची सोय काढली, तिच्यात डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघून वाक्य निवडता येते, आणि ॲपलच्या फोनमध्ये २०२४ पासून पुढच्या कॅमेऱ्यानेच नजर टिपण्याची सोय आहे.

मात्र एक सावधगिरी. नजर मनाचा आरसा आहे. मूल कशाकडे किती वेळ पाहते ह्याची नोंद कोणा कंपनीकडे जमा होत असेल तर ती त्याच्या मनाचीच नोंद आहे. २०२३ मध्ये आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. यंत्र घेण्यापूर्वी नजरेची नोंद कोठे जाते हे विचारण्याचा हक्क पालकांनी बजावावा.

कायदा आणखीही एक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्याचे बंधन घातले आहे, आणि ठराविक प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुंबईत डॉ. मिठू अलूर ह्यांनी आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तेव्हा असा कायदा नव्हता. त्यांची कन्या मालिनी चिब एका बोटाने टंकलेखन करून शिकली, आणि त्या एका बोटावरच तिने आपल्या आत्मचरित्राचे नाव ठेवले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे ५४ लाख हालचालीची मर्यादा असलेल्या. त्यांतली काही मुले आपल्याच मोहल्ल्यांत, आपल्याच गल्ल्यांत आहेत. प्रवेशाच्या रांगेत ती दिसत नाहीत, कारण त्यांच्या आईवडिलांना एकदा कोणी तरी परत पाठविलेले असते.

ज्यांना मी परत पाठविले होते त्यांचा शोध मी २०२१ च्या अखेरीस घेतला. वडिलांचे शिवणाचे दुकान जुन्याच पेठेत होते. त्यांनी मला ओळखले आणि एका शब्दानेही बोल लावला नाही. ते मला घरी घेऊन गेले. मुलगी आता अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिच्या भावाने शाळेत असताना बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर खडूने अक्षरे लिहून तिला वाचावयास शिकविले होते. पुढे ती रंगाने पक्की केली. ती वर्तमानपत्र वाचते. दुकानाच्या मापांच्या वहीतील चुका तिला दिसतात. आईने झाकण तिच्यासमोर धरले. मुलीने प-वर्गाच्या ओळीकडे पाहिले, मग ब वर नजर टेकविली. मग दुसरी ओळ, स. मग काना. मिनिटभराहून अधिक वेळ लागला. तिने लिहिले होते, 'बसा'.

मी बसलो. काय बोलावे ते मला सुचेना. तिचे घर तिला शिकवू शकले ते त्यांच्या कष्टाने. पण तिने कधी वर्गात पाऊल टाकले नाही, सहामाहीचा पेपर दिला नाही, दहावीची परीक्षा दिली नाही, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला नाही. ही वर्षे कोणतेही यंत्र तिला परत देणार नाही. आज ती भावाच्या मदतीने संगणकावर नजरेने लिहावयास शिकते आहे. यंत्र कधी चुकते, कधी तिचे डोळे शिणतात, आणि मग पुन्हा डब्याचे झाकण बाहेर येते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती मोठी नाही. लाखाचे चष्मे आज घेऊ नका; ते स्वस्त होतील, हलके होतील, तेव्हा बघू. पुढील जूनपूर्वी संस्थेच्या प्रत्येक शाळेत एक अक्षरफलक आणि तो वापरावयास शिकलेला एक शिक्षक असावा, एवढेच करावे. आणि प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, समोरच्या मुलाचा हात उठला नाही, तोंड उघडले नाही, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांकडे पाहा. थोडे थांबून पाहा. आणि शेजारी उभी असलेली आई काही सांगत असेल तर ते आधी ऐकून घ्या.